आधी भांडं बघा

कर्जतपासून खोपोलीपर्यंतच्या पट्ट्यात माझ्या मेहुण्यांइतका संशयी माणूस दुसरा झाला नाही, आणि स्वतःची मेहनत इतक्या बिनदिक्कत फुकट वाटून टाकणारा माणूसही दुसरा झाला नाही. ही दोन्ही विधानं एकाच माणसाबद्दल कशी खरी असतील, हे ते होते तोवर मला कळलं नाही. त्यांना जाऊन आता पावसाळा उलटला. आता थोडंसं कळतंय असं वाटतं, पण हे वाक्य लिहितानाही ते मागून डोकावून विचारतील अशी धास्ती आहे, "भावजी, ‘असं वाटतं’ म्हणजे काय? तपासून बघितलंत का?"

ते माझ्या बायकोचे थोरले भाऊ. खालापूर तालुक्यातल्या एका कागद कारखान्यात दाबमापकं, तापमापकं दुरुस्त करण्याच्या कामावर होते. मी कर्जतच्या शाळेत मराठी शिकवतो. त्यांची माझी पहिली भेट झाली ती मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात, आणि त्या दिवशी मुलगी कमी आणि मीच जास्त दाखवला गेलो. पोहे संपायच्या आत त्यांनी मला विचारलं, "माझी बहीण आजारी पडली तर काय कराल?" मी म्हटलं, डॉक्टरकडे नेईन. "डॉक्टर नसला तर?" दुसऱ्याकडे नेईन. "दुसराही नसला तर?" कल्याणला नेईन. "गाडी चुकली तर?" ह्या माणसाच्या मनात माझ्या होणाऱ्या बायकोला बरं करायचंच नाही अशी माझी खात्री पटली आणि मी गप्प बसलो. माझ्या वडिलांचा चेहरा उतरला. मेहुण्यांचा मात्र उजळला. ते आपल्या आईला म्हणाले, "ह्याला होकार द्या. निदान खोटं उत्तर दिलं नाही." अशा रीतीने, उत्तर न आल्यामुळे माझं लग्न ठरलं. वर्गात मी पोरांना उत्तर न आल्याबद्दल बाकावर उभं करत असे, ते त्यानंतर सोडून दिलं.

त्यांचं स्वतःचं लग्न झालं नाही, कारण हेच प्रश्न त्यांनी मुलींच्या बापांना विचारले. बाप मंडळी माझ्याइतकी प्रामाणिक नव्हती. त्यांच्याकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर होतं, त्यामुळे मेहुण्यांनी त्यांना खोटारडे ठरवून नकार कळवले. मग ते कारखान्याच्या कॉलनीतल्या एका खोलीत राहिले आणि दर रविवारी एस.टी.ने आमच्याकडे जेवायला येत राहिले. आले की आधी पायरीवर उजवा पाय दाबून बघत. पायरी दगडाची होती. बायको म्हणायची, "दादा, गेल्या रविवारी होती ती. आठवड्यात कुठं जाणार?" ते म्हणत, "गेल्या रविवारचं गेल्या रविवारी. आजचं आज बघायला नको?"

त्यांचं सगळं तत्त्वज्ञान तीन शब्दांत मावत असे: आधी भांडं बघा. चहा ओतताना ते आधी कप उचलून आत डोकवायचे, मग किटली हलवून अंदाज घ्यायचे, मग पुन्हा कपाकडे बघायचे, आणि तोवर चहा इतका निवायचा की सांडला असता तरी कोणाला भाजलं नसतं. बायको आमटी डब्यात भरायला लागली की मागून आवाज यायचा. मी पिशवीत पुस्तकं कोंबायला लागलो की आवाज यायचा. एकदा आमच्याकडे पाहुण्या आलेल्या आत्यांनी नातवाला मांडीवर घेतलं, तेव्हाही यांनी आत्यांच्या मांडीकडे बघून तोंड उघडलं होतं. बायकोने वेळीच त्यांच्या हातात पाण्याचा तांब्या दिला.

अशा माणसाच्या आयुष्यात पुढे कॉम्प्युटर आला. ऐंशी साल उलटून बरीच वर्षं झाल्यावर त्यांच्या कारखान्याने एक यंत्र आणलं, त्याच्यासाठी थंड हवेची खोली बांधली, चपला बाहेर काढायचा नियम केला आणि पूजा ठेवली. मोठे साहेब नारळ हातात घेऊन यंत्रापुढे आले. मेहुण्यांनी मागून विचारलं, "साहेब, नारळात पाणी किती आहे ते बघितलंत?" साहेब म्हणाले, नारळात पाणी किती ते फोडल्याशिवाय कसं कळणार. "मग बाहेर फोडा," मेहुणे म्हणाले. नारळ बाहेर फोडला. आत थेंब नव्हता. सगळे हसले, साहेबही हसले. मेहुणे हसले नाहीत. पण साहेबांच्या लक्षात राहिलं, आणि हा खत्रूड माणूस दाबमापकांपेक्षा यंत्राच्या खोलीतच बरा, असं ठरून त्यांची बदली तिकडे झाली. तिथे त्यांना ‘सी’ नावाची भाषा भेटली. लग्नाच्या बाबतीत जे जमलं नाही ते इथे जमलं.

मी त्यांना विचारलं होतं, ही भाषा कशी असते. ते म्हणाले, "ही भाषा कोणालाही अडवत नाही. पेल्यात बादली ओत म्हटलं तर ओतते. सांडलेलं शेजारच्या भांड्यात गेलं, तरी सांगत नाही." मी म्हटलं, मग हिचा उपयोग काय? ते प्रेमाने म्हणाले, "फार वेगाने ओतते."

सांडणं म्हणजे काय, ते साऱ्या कारखान्याने पाहिलं. कामगारांची माहिती यंत्रात भरली होती: एका चौकटीत नाव, तिच्या शेजारच्या चौकटीत गाव, सगळं इंग्रजी अक्षरांत. एका फिटरचं नाव पुरुषोत्तम विश्वनाथ असं ऐसपैस, आणि वर त्याचं लांबलचक आडनाव ‘कर’ने संपणारं. नाव चौकटीत मावलं नाही. शेवटचा ‘कर’ शेजारच्या चौकटीत सांडला आणि तिथल्या खालापूरच्या पहिल्या तीन अक्षरांवर बसला. झालं कर्लापूर. कारखान्याच्या बसचा मार्ग आखणाऱ्या कारकुनाने कागदावर कर्लापूर वाचलं, नकाशात शोधलं, सापडलं नाही, तेव्हा साहेबांना अहवाल दिला की सदर गाव दुर्गम असल्याने बस सोडणं शक्य नाही. पुरुषोत्तम रोज खालापूरच्या नाक्यावर उभा असायचा, आणि बस रोज त्याच्यासमोरून त्याला न घेता जायची, कारण तो कर्लापूरचा होता.

दुसरं संकट विजेचं. आमच्याकडे वीज वाटेल तेव्हा जाते, आणि यंत्र काही लिहीत असताना ती गेली की माहितीची फाइल अर्धीमुर्धी मोडते. मोडलेली फाइल जोडणारा एक छोटा प्रोग्राम मुंबईच्या कुठल्याशा कॉलेजातल्या एका प्राध्यापकाने लिहिला होता. त्या भल्या माणसाने तो फ्लॉपीवर घालून, तो ज्या ओळींवर चालतो त्या आतल्या सगळ्या लिखाणासकट, मागेल त्याला दिला, आणि मग परदेशी निघून गेला. मेहुण्यांनी त्याला शंका विचारणारी पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. "मालक गेला," मेहुणे एका रविवारी जेवता जेवता म्हणाले, "आता हे घर कोणी शाकारायचं?" आणि कोणी सांगितलं नसताना त्यांनी ते अंगावर घेतलं. प्रोग्रामला ‘डागडुजी’ असं नाव दिलं.

पुढची वर्षं त्यांनी ह्या डागडुजीचीच डागडुजी केली. मे महिन्यात इथली माणसं आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, कामं काढतात. कौलं चाळतात, लाकडं आत घेतात, वाल आणि सुकी मासळी भरून ठेवतात. मेहुणे प्रोग्रामची आगोट करायचे, आणि तीही बारा महिने. जिथे जिथे काही ओतलं जात होतं तिथे तिथे आधी भांडं बघायला लावायचं, आणि शेजारी तेच तीन शब्द लिहून ठेवायचे. जिथे यंत्राकडे जागा मागितली जाई, तिथे ती खरोखर मिळाली का ते विचारायचं, आणि नाही मिळाली तर काय, तेही लिहून ठेवायचं. घेतलेली जागा काम झाल्यावर परत केली का ते बघायचं. कारखान्याचं काम पहिल्या काही महिन्यांतच भागलं होतं. साहेब विचारायचे, "आता काय करता?" हे म्हणायचे, "अजून मोडलं नाही, ते कुठे मोडेल ते शोधतोय." मोडण्यासाठी ते प्रोग्रामला वाटेल ते खाऊ घालायचे: स्वतःची जन्मपत्रिका, कॅन्टीनचा फळा, दुधाच्या पिशवीवरचा मजकूर. एकदा माझ्याकडून एक लांबलचक सामासिक शब्द मागून नेला. पुढच्या रविवारी पायरी न तपासताच आत आले. "तुमच्या शब्दाने प्रोग्राम झोपला, भावजी," ते आनंदाने म्हणाले, "तुमच्या शिकण्याचा पहिल्यांदा काहीतरी उपयोग झाला."

ह्या भाषेत म्हणे प्रत्येक ओळीच्या शेवटी एक शून्य ठेवावं लागतं. ते दिसत नाही, पण त्याची जागा राखावी लागते. नाहीतर वाचणाऱ्याला ओळ संपल्याचं कळत नाही आणि तो वाचत वाचत दुसऱ्याच्या हद्दीत शिरतो. हे कळल्यापासून मेहुण्यांनी आमच्या घरावर संकट आणलं. मुलीच्या बारशाला पंगत बसली तेव्हा त्यांनी शेवटी एक पत्रावळ रिकामी मांडली आणि तिच्यापाशी पहारा करत उभे राहिले. माझे काका तिथे बसायला गेले.

"तिथे बसायचं नाही."

"का? कोणाचं पान आहे?"

"कोणाचंच नाही. पंगत संपली हे वाढप्याला कळायला आहे."

"मी बसलो की संपेल ना."

"तुम्ही बसलात तर तो पुढे वाढत वाढत भिंतीत शिरेल."

काका भिंतीकडे बघत राहिले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "तुझ्या मेव्हण्याला कोणाला तरी दाखीव रं." काकांना बोलायला फार लागायचं, एकदा सुरू झाले की पोशीरच्या जमिनीपासून निघून कुठल्या कुठे जायचे. त्या दिवशी ते गेल्यावर मेहुणे शांतपणे म्हणाले, "ह्यांच्या शेवटी शून्य ठेवायचं राहिलंय." तेव्हापासून आमच्या घरात कंटाळवाण्या माणसाला तोच शब्द आहे. आमच्या हेडमास्तरांचं भाषण लांबलं की मी मनात शून्य शोधतो.

डागडुजी चुकली तर पडद्यावर काय लिहून येतं, हा तर कारखान्यात चेष्टेचाच विषय होता. अक्षरं इंग्रजी, पण बोली इथली. "कोण तुमी? पुना सांगा." "फाइल मोडली हाय. हात लावू नका." आणि काहीच करता येत नसलं की नुसतं, "नाय जमत." घरात स्वतः शुद्ध बोलणाऱ्या माणसाने हे का लिहावं? साहेबांनी तेच विचारलं, म्हणाले हे बरं दिसत नाही. मेहुणे म्हणाले, "साहेब, इंग्रजीत नाही म्हटलं की माणसं घाबरून तेच बटण पुन्हा दाबतात. ‘नाय जमत’ म्हटलं की थांबतात. इथे जन्मभर सगळ्यांनी ते ऐकलेलं आहे."

आता फुकट वाटण्याबद्दल. माझ्या सासूबाईंची शिस्त होती की शेजारच्यांची वाटी रिकामी परत द्यायची नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. तशी ती सगळ्याच घरांत असते, पण यंत्राच्या खोलीत ती नेणारे मेहुणेच. डागडुजी ते मागेल त्याला देत, आतल्या लिखाणासकट, काही न घेता. अट एकच. "ही वाटी आहे," ते फ्लॉपी पुढे धरून सांगत, "परत आणताना रिकामी आणायची नाही. आत कुठे चुकलंय ते शोधा, दुरुस्त करा आणि दुरुस्तीसकट आणा." लिखाणाच्या डोक्यावर त्यांनी एक जागा राखली होती. कोणी काय दुरुस्त केलं, त्याचं नाव तिथे यायचं. मुंबईच्या प्राध्यापकाचं नाव पहिलं, आणि त्याखाली ओळीने मेहुण्यांचं, मेहुण्यांचं, मेहुण्यांचं. एकाखाली एक आपलंच नाव लिहिणारी माणसं मी पाहिली आहेत, पण त्यामुळे खिन्न होणारा हा एकच. दुसऱ्या कोणाचं तरी नाव तिथे लागावं, ही एवढीच त्यांची इच्छा होती. कोणाजवळ बोलायचे नाहीत. पण फ्लॉपी देताना त्यांचा चेहरा मुलगी सासरी पाठवणाऱ्यासारखा व्हायचा.

लोकांनी त्यांच्या इच्छेचं काय केलं ते सांगतो. बहुतेकांनी वाटीच परत केली नाही. एका कॉलेजातून ती आली तेव्हा तिच्यात डागडुजी पुसून मोटारींच्या शर्यतीचा खेळ भरलेला होता. एका कार्यालयाने आभाराची चिठ्ठी फ्लॉपीलाच स्टेपल करून पाठवली. एका गृहस्थांनी शर्टाच्या खिशात मावावी म्हणून तिची मधोमध घडी घातली. भांडं बघितलं, एवढंच त्यांचं कौतुक. आणि पोशीरचे एक भातगिरणीवाले फ्लॉपी नव्या तांदळाच्या पिशवीत खुपसून घेऊन आले. "वाटी रिकामी आनू नका बोललात ना," ते म्हणाले. मेहुण्यांना रागाने बोलवेना. गिरणीवाले गेल्यावर त्यांनी तांदूळ हातात घेऊन बघितला. "तांदूळ चांगला आहे," ते मला म्हणाले, "पण दुरुस्ती कुठाय?" 

मग एका रविवारी सुनंदा आली. कडावची मुलगी, तालुक्यातल्या एका दूध केंद्रात यंत्रावर नावं भरायचं काम करायची. मेहुणे रविवारी आमच्याकडे सापडतात हे शोधून काढून थेट आली, आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाली,

"काका, तुमच्या डागडुजीनं आमची बुधी खाल्ली."

"प्रोग्राम खात नाही. शंका आली तर बाजूला ठेवतो."

"तेच ते. वीज गेली की डागडुजी चालवायची, आणि डागडुजी चालवली की बुधी गायब. ती वाडीवरनं दूध घेऊन येती आणि पडद्यावर ती नायच. दरवेळी मी पुना भरती."

"पूर्ण नाव काय तिचं?"

"बुधी."

"पुढे?"

"बुधीच."

"वडिलांचं नाव?"

"तिलाच ठाव नाय, मला कुठनं?"

"नवऱ्याचं?"

"तो गेला. जाताना नाव पन घेऊन गेला."

मेहुण्यांनी चष्मा पुसला. झालं होतं असं की वीज गेल्यावर नावं अर्धी राहतात, म्हणून त्यांनी एक चाळण बसवली होती: ज्या नोंदीत स्वतःचं, बापाचं किंवा नवऱ्याचं आणि आडनाव असे तीन तुकडे नाहीत, ती मोडलेली समजायची. चुकून एखादी मोडकी नोंद आत राहू नये म्हणून किती विचार केला, ते त्यांनी तिला बराच वेळ समजावून सांगितलं. "अर्धवट नोंद म्हणजे बिघाड," त्यांनी समारोप केला.

"नोंद अर्धवट नाय काका. बुधी हाय तेवढीच हाय आनि पुरी हाय," सुनंदा म्हणाली. "तुमची चाळण अर्धवट हाय. माझ्या आज्याचं नाव शाळेतल्या कारकुनानं मनाला आलं तसं लिवलं. छप्पन सालानंतर आमच्या लोकांनी नावं बदलली, ती आपली आपण बदलली. नाव केवढं असावं हे दुसऱ्यानं ठरवायचं नाय."

माझी बायको पदर तोंडाला लावून आत गेली. तिच्या दादाला कोणी अर्धवट म्हटल्याचं ती जन्मात पहिल्यांदा ऐकत होती. मला वाटलं, आता हे तिला पायरी दाखवणार. पण मेहुण्यांच्या चेहऱ्यावर काही वेगळंच आलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्याशी डागडुजीवरून भांडत होतं. त्यांनी आमच्याकडे ठेवलेल्या आपल्या ट्रंकेतून लिखाणाचा छापील गठ्ठा आणि एक नवी करकरीत फ्लॉपी काढली, जिच्यात डागडुजी भरलेली होती.

"मग तुम्हीच करा दुरुस्त. पण वाटी रिकामी आणायची नाही."

"मला ती भाषा कुठं येती?"

"मलाही येत नव्हती."

"आनि तोवर बुधीचं काय?"

"तोवर तिन्ही जागी बुधी लिहा. बुधी बुधी बुधी."

"मग ती तीन घरचं दूध आनल काय?" असं म्हणून तिने गठ्ठा काखेत मारला आणि गेली.

ती गेल्यावर मी म्हटलं, तुमची चूक आहे हे तुम्हाला पटलंय; मग एका दुपारचं काम आहे, तुम्हीच का नाही करत? ते चिडले. चूक बिलकुल पटलेली नाही, म्हणाले. थोड्या वेळाने सुपारी कातरता कातरता म्हणाले, "मी केली तर माझंच नाव आणखी एकदा खाली लागेल. त्यात काय आहे?"

त्यानंतर ते वाट बघायला लागले, आणि वाट बघत नसल्याचं सोंग करायला लागले. हे त्यांना अजिबात जमत नसे. आल्या आल्या पायरी दाबून विचारायचे, "कोणी येऊन गेलं का?" कोण, म्हटलं तर, "कोणीही. घर आहे, माणसं येतात." एस.टी.चा आवाज आला की बोलता बोलता थांबायचे. दसरा गेला, दिवाळी गेली, आंबा मोहरला. मी एकदा सहज म्हटलं, ती विसरली असेल. "शक्य आहे," ते म्हणाले, "सगळंच शक्य आहे. पण अजून नाही म्हणालेली नाही." ज्या माणसाने दगडाच्या पायरीवर कधी भरवसा ठेवला नाही, त्याने कडावच्या एका पोरीवर तो ठेवला होता, आणि मला हसू येत होतं. तेव्हा येत होतं.

मे महिन्यात, लोक कौलं चाळत असताना, त्यांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, भला होता. त्याने औषधाचं सांगितलं. मेहुणे म्हणाले, "त्याने नाही झालं तर?" मग त्याने मुंबईच्या इस्पितळाचं सांगितलं. "तिथेही नाही झालं तर?" बायको म्हणाली, "दादा, गप पड रे आता." डॉक्टर त्यांच्याकडे बघत राहिला आणि काही बोलला नाही. मेहुणे माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "बघा भावजी. निदान खोटं उत्तर दिलं नाही." पोह्यांची बशी हातात धरून बसलेला मी मलाच दिसलो. मृगाच्या आतच ते गेले. शेवटच्या आठवड्यात त्यांनी कारखान्याचं काही विचारलं नाही. कोणी येऊन गेलं का, हे मात्र विचारलं.

दिवसवार झाले. जेवणाला पंगत बसली तेव्हा माझ्या काकांनी, कोणी न सांगता, शेवटी एक पत्रावळ रिकामी मांडली. वाढपी तिथवर आला आणि थांबला. काका काही बोलले नाहीत. त्यांच्या बाबतीत ही मोठी गोष्ट होती.

त्यानंतर महिन्याभराने, पाऊस उघडलेल्या एका रविवारी, सुनंदा दारात आली. एका हातात प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली फ्लॉपी, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. "काका हायत?" तिने विचारलं. तिला माहीत नव्हतं. बायकोने सांगितलं. ती पायरीवरच बसली.

"मला त्यांना इचारायचं व्हतं," शेवटी ती म्हणाली, "बरोबर हाय का म्हणून."

आता ते सांगणारं कोणी नव्हतं. तिने मलाच समजावून सांगितलं. तो गठ्ठा पानापानाने वाचत, नेरळला एका मास्तरांकडे शनिवारी जाऊन भाषा शिकत तिला इतके महिने लागले होते. तीन तुकड्यांची चाळण तिने काढून टाकली होती. नावाचे कितीही तुकडे असोत, एक असो, चालतं. "पन भांडं बघायचं काढलं नाय," ती घाईने म्हणाली, "ते जिथं जिथं हाय तिथं तसंच ठेवलंय." बुधी तिथून आता गायब होत नव्हती, आणि एकदाच होती. मला त्यातलं काही कळलं नाही. मी फक्त छापून आणलेल्या पहिल्या पानावर बघितलं. प्राध्यापकाचं नाव, त्याखाली मेहुण्यांचं, मेहुण्यांचं, मेहुण्यांचं, आणि सगळ्यात खाली सुनंदाचं. तिच्याखाली तिने एक ओळ रिकामी ठेवली होती.

डब्यात खरवस होता. बुधीची म्हैस व्याली होती. तिने काकांसाठी म्हणून दिला होता. आम्ही तिघांनी तो खाल्ला. बायकोने डबा घासला, पुसला आणि फळीसमोर उभी राहिली. साखरेची बरणी उघडली, बंद केली. मग ती आत जाऊन ट्रंक उघडून बसली आणि दादाच्या फ्लॉप्या घेऊन आली, मुंबईहून आलेल्या अगदी पहिल्या फ्लॉपीसकट. "हे हिच्याकडेच असू दे," ती मला म्हणाली, आणि स्टीलच्या डब्यात घालायला लागली. डबा गोल आणि लहान. फ्लॉपी चौकोनी आणि मोठी. एक कोपरा आत गेला, बाकी सगळी वर. बायको ती वाकवणार तेवढ्यात मी आणि सुनंदा एकदम म्हणालो, "आधी भांडं बघा."

बायको हसली. दादा गेल्यानंतर तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. मग तिने माळ्यावरून माझ्या सासूबाईंचा रुंद पितळी डबा काढला, आणि वर थोडी साखर घालायला गेली. "साखर नको काकी," सुनंदा म्हणाली, "फ्लॉपीत जाईल." तेव्हा साखर स्टीलच्या डब्यात घातली आणि फ्लॉप्या पितळी डब्यात. दोन्ही डबे मांडीवर घेऊन सुनंदा कडावच्या एस.टी.त बसली.

डागडुजी आता तिच्याकडे आहे. पितळी डबा मात्र आमचा आहे, आणि तो अजून परत यायचा आहे.